वऱ्हाडाच्या लॉरीतली टिकटिक

खोपटला आमच्या घरासमोर एक मिस्त्री गाड्या दुरुस्त करायचे. ते जवळजवळ प्रत्येक गोष्ट दोनदा बोलायचे आणि इंजिनापाशी दुसरं कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

दिराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी आमच्या जुन्या लॉरीचं तेल बदललं आणि इंजिन टिकटिक करू लागलं. वऱ्हाड तिच्यातूनच कल्याणला जायचं होतं. आमचे हे चिडले.

"वहिनी, लाटणं द्या, लाटणं द्या." लाटण्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून मिस्त्रींनी डोळे मिटले. "वरच वाजतंय, वरच वाजतंय. तेल पातळ पडलं. चूक माझी." पुरुषमाणूस इतक्या चटकन असं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यांनी जाड तेल भरलं. टिकटिक कमी झाली, पण पुरती जाईना. मग तेही आमच्याबरोबर निघाले.

वाटेत बायकांनी गाणी सुरू करताच ते पुढून ओरडले, "गप्प बसा, गप्प बसा! ऐकू द्या!" सासूबाईसुद्धा गप्प झाल्या. कल्याणला सगळं वऱ्हाड मुकाट्याने उतरलेलं पाहून मुलीचे वडील हात जोडत धावले, "आमचं काही चुकलं का, विहीणबाई?"

सासूबाईंच्या आधी मिस्त्रीच आनंदाने म्हणाले, "टिकटिक गेली, टिकटिक गेली!"