पोत्यातून नेलेली कुत्री

कुत्री माझी नव्हती, हे आधीच सांगते. पुढं मला ते बऱ्याच जणांनी ऐकवलं.

येरमाळ्याजवळ हायवेवर तिला कुठल्यातरी गाडीनं उडवलं होतं. आमच्या धाराशिवात जखमी जनावरं उचलून त्यांच्यावर उपचार करणारी चार-पाच माणसं आहेत. त्यातल्या एका बाईनं तिच्या पायाचं ऑपरेशन करून घेतलं आणि मला फोन केला, "दोन महिने सांभाळा. तोवर मी तिच्यासाठी घर बघते." मी शाळेत शिकवते. नवऱ्याची नोकरी लातूरला, त्यामुळं आठवडाभर घरात मी एकटीच. याआधी तीन कुत्री अशीच सांभाळून पुढं दिली होती. मी हो म्हणाले.

तिला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की देताना जड जातं, हे पहिल्या वेळीच कळलं होतं. तांबूस अंग, एक कान मोडलेला, मागचा उजवा पाय जरासा ओढत चालायची. तिला मी नुसतं "ए पोरी" म्हणायचे. सोलापूरच्या एका कुटुंबानं फोटो बघून ती पसंत केली होती. महिनाअखेरीला ते न्यायला येणार होते.

शेजारच्या काकांना ती आल्या दिवसापासून खुपत होती. काका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले; घरात ते आणि काकू दोघंच. ते तीनदा माझ्या दारात आले. पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, दुपारचं भुंकणं जरा बंद करा."

"कुत्रं भुंकणारच ना काका. त्याला काय गाणं शिकवू?"

दुसऱ्यांदा आले तेव्हा मी दारसुद्धा पूर्ण उघडलं नाही. तिसऱ्यांदा ते आवाज चढवूनच आले. "आमच्या हिला चार वर्षांमागं कुत्र्यानं फोडलंय. पोटरीचा लचका काढला होता. तुमचं कुत्रं आल्यापासून ती ओट्यावर यायची बंद झाली. दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते बघत जा जरा."

"गेट माझं आहे आणि कुत्री गेटच्या आत आहे," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं. आत येऊन चहा टाकला. आपण त्यांना बरं गप्प केलं, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी, बुधवारी, मी शाळेतून आले तर गेटची कडी काढलेली. पाण्याचं भांडं पालथं. साखळीसकट कुत्री गायब.

पहिले दोन दिवस मी गावभर हिंडले. "ए पोरी, ए पोरी" असं ओरडत बाजारातून फिरणाऱ्या बाईकडं लोक कसं बघतात, ते मला तेव्हा समजलं. कॉलेजला निघालेल्या एका मुलीनं थांबून विचारलं, "कुणाला म्हणताय?" मी कुत्री म्हटल्यावर तिनं तोंड वाकडं केलं आणि चालायला लागली. कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसाला फोटो दाखवला तर तो म्हणाला, "एक कमी झालं म्हणा की." विजेच्या खांबांवर तिचा फोटो आणि माझा नंबर चिकटवला. सकाळी बघितलं तर निम्मे कागद फाडलेले. एकावर कुणीतरी पेनानं माझ्याबद्दल असं काही लिहिलं होतं की मी ते नखानं खरवडून काढलं.

फोनही आले. एका माणसानं नुसतं झापायला फोन केला होता. "गावात प्यायला पाणी आठ-आठ दिवसांनी येतंय आन् तुम्ही कुत्र्याचे फोटो लावत फिरताय. लाज न्हाई का वाटत?" दुसऱ्यानं सांगितलं, कुत्री येरमाळ्याला एका हॉटेलामागं बांधलीये, लगेच या. मी अर्धी रजा टाकून गेले. तिथं एक काळा म्हातारा कुत्रा बांधलेला होता आणि दोघंजण मोबाईलवर माझं शूटिंग करत हसत होते. मी स्कूटी वळवली आणि भर उन्हात परत आले. वाटेत मी एवढ्या शिव्या दिल्या की तेवढ्या त्याआधीच्या उभ्या आयुष्यात दिल्या नसतील.

ज्या बाईनं कुत्री माझ्याकडं दिली होती, तीही तोडून बोलली. "तुमच्या भरवशावर दिली होती. गेटला कुलूप लावायला काय झालं होतं?" सोलापूरच्या लोकांना तिनं कळवून टाकलं. त्यांनी चार दिवसांतच दुसरं पिल्लू आणलं.

शनिवारी सकाळची शाळा करून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानदारानं दाराशी कॅमेरा बसवलाय. आधी त्यानं टाळाटाळ केली, "कशाला भानगडीत पडता बाई," म्हणाला. मी काउंटरपासून हललेच नाही तेव्हा त्यानं वैतागून बुधवारचं रेकॉर्डिंग लावलं. दुपारी पावणेतीनला काकांची मोटरसायकल गल्लीतून बाहेर पडताना दिसली. टाकीवर खताचं जुनं पोतं आडवं ठेवलेलं, तोंड सुतळीनं बांधलेलं. पोतं हलत होतं.

मी तशीच त्यांच्या दारात गेले. काका पेपर वाचत होते.

"कुठं सोडली?"

त्यांनी मान वर केली नाही. "काय सोडली?"

"पोतं. दुकानाच्या कॅमेऱ्यात आहे सगळं. पोलिसात जाऊ का आधी?"

आतून काकूंचा आवाज आला, "कोण आलंय हो?" काकांनी पेपर खाली ठेवला, हळू आवाजात म्हणाले, "रामलिंगच्या देवळाअलीकडं. घाटात."

"चला. जागा दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता."

ते आले. पोलिसांच्या भीतीनं आले की काकूंना कळू नये म्हणून, ते मला माहीत नाही. पुढं त्यांची मोटरसायकल, मागं माझी स्कूटी. येडशीच्या रस्त्यानं जाताना मला सारखं वाटत होतं की स्कूटी त्यांच्या गाडीवर नेऊन घालावी.

घाटात एका वळणावर त्यांनी गाडी थांबवली आणि खालच्या झाडीकडं बोट केलं. "इथं पोत्याचं तोंड सोडलं. ती खाली पळाली."

"तीन पायांवर?"

मी उतारावरून खाली गेले. वाळलेला पाला, दगड, घाणेरीची झुडपं. हाका मारल्या. वानरं तेवढी आवाज करत वर सरकली. अर्ध्या तासानं मला एका झुडपाला अडकलेली साखळी सापडली. टोकाला पट्टा तसाच होता. मान काढून घेतली होती तिनं. पट्ट्याला आतून रक्त लागलेलं होतं. साखळी घेऊन मी वर आले आणि ती काकांच्या पायापाशी टाकली.

"या जंगलात बिबट्या आहे, ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"ठाऊक होतं." मग एकदम ते ओरडायलाच लागले. "माझी बायको महिनाभर खिडकी लावून बसलीये घरात! मी तीनदा आलो तुमच्याकडं. तीनदा! तुम्ही काय बोललात? गाणं शिकवू का म्हणालात. तुम्हाला कुत्र्याची कणव येते, माणसाची येत न्हाई?"

रस्त्यानं जाणारी एक जीप आमच्यापाशी हळू झाली, बघितलं आणि गेली. ते म्हणत होते त्यात खोटं काही नव्हतं आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणाले, "मग मला सोडायचं होतं पोत्यात घालून. मुकं जनावर काय नेलंत?" त्यांनी गाडीला किक मारली आणि निघून गेले. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

पुढं रोज शाळा सुटली की मी घाटात जायचे. मंदिराजवळच्या नारळवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "दिसली असती तर मीच दगड घातला असता. लई झालीत." जंगलखात्याच्या पहारेकऱ्यानं पाच वाजले की मला बाहेर काढायला सुरुवात केली. सातव्या दिवशी शेळ्या घेऊन चाललेल्या एका माणसानं फोटो नीट बघितला आणि ओढ्यापलीकडं हात केला. "लंगडती ना? त्या म्हातारीच्या आखाड्यावर हाय. पन ती द्यायची न्हाई."

आखाडा म्हणजे शेतातली पत्र्याची एक खोली. भोवती ज्वारी उभी होती. खोलीच्या सावलीत कुत्री बसली होती, सुंभाच्या दोरीनं बांधलेली. मानेवर हळद थापलेली. मला बघून तिनं शेपटी दोनदा हलवली, पण उठली नाही. मी "ए पोरी" म्हणाले. तिनं खोलीच्या दाराकडं बघितलं.

दारातून एक म्हातारी बाहेर आली. हातात विळा होता.

"कोण गं तू?"

मी सांगितलं. कुत्री माझ्या घरून नेली, मी दहा दिवस शोधतेय, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

"तुझी हाय का?"

"माझ्याकडं सांभाळायला होती. पुढं एका कुटुंबाला द्यायची होती."

"म्हंजी तू बी देनारच व्हतीस. मग मला दिली समज."

"अहो आजी, असं कसं? तिच्यावर औषधं चालू आहेत. इथं बिबट्या आहे."

"हाय की. माझं मागचं कुत्रं त्यानंच नेलं, दिवाळीच्या आदी."

"मग उद्या हिलाही नेईल!"

म्हातारीनं विळा दाराच्या फटीत खोचला. "तुझ्या घरातनं तर मानसानं नेली."

इतक्या दिवसांत कुणीकुणी मला काय काय बोललं होतं, पण हे जेवढं लागलं तेवढं काहीच लागलं नव्हतं. आणि लागलं म्हणूनच मी हट्टाला पेटले. जिनं कुत्री माझ्याकडं दिली होती त्या बाईला मी फोन लावला, ती गाडी घेऊन येईपर्यंत तिथंच बांधावर बसून राहिले. म्हातारी माझ्याकडं पाठ करून शेंगा निवडत होती. गाडी आली तेव्हा मी स्वतः दोरी सोडली. कुत्री अडून बसली, तिला उचलून न्यावं लागलं. म्हातारी उठली नाही. एवढंच म्हणाली, "रात्री डुकरं आली की म्या एकलीनं पत्रा वाजवायचा. जा घिऊन. शिकलेली मानसं तुमी."

घरी आणली आणि गेटला कुलूप घातलं. डॉक्टरनं मानेवर टाके घातले. जिंकल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण कुत्री अंगणात येईना. न्हाणीच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसायची. गल्लीत कुठलीही मोटरसायकल चालू झाली की तिला जागीच लघवी व्हायची. आणि काकांची मोटरसायकल दिवसातून चारदा चालू व्हायची. दुसरं घर काही मिळेना. लंगडी आणि घाबरट कुत्री कुणाला नको होती. एकदा काकू गच्चीवर वाळवण काढायला आल्या, त्यांनी तिला खाली बघितलं आणि किंचाळल्या. कुत्रीही घाबरून ओरडायला लागली. मी मधे उभी होते. दोघी एकमेकींना भिऊन ओरडत होत्या आणि मला दोघींचाही राग येत होता.

पंधरा दिवस झाल्यावर, टाके काढल्यानंतर, मी नवऱ्याला म्हणाले, रविवारी गाडी काढ. जाण्याआधी एका मेंढपाळाकडून खिळ्यांचा पट्टा करून घेतला. बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून मेंढरांच्या कुत्र्यांना घालतात तसला.

आखाड्याजवळ गाडीचं दार उघडल्याबरोबर कुत्री उडी मारून ज्वारीच्या कडेकडेनं लंगडत पळाली, ती थेट खोलीच्या सावलीत. म्हातारी चुलीपाशी होती. तिनं कुत्रीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता आनलीस व्हय? मधी दोन रात्री डुकरांनी तिकडचा ज्वारीचा सगळा तुकडा लोळवला."

"हा पट्टा घाला तिला. रात्री आत घेत जा. एवढं कबूल करा, तर ठेवते."

तिनं पट्टा हातात घेऊन खिळ्यांवरून अंगठा फिरवला. "ह्यो आदी आनला असता तर माझं पयलं वाचलं असतं." जसं काही तिचं पहिलं कुत्रं मीच घालवलं होतं. मग म्हणाली, "आत घेतीच की. मला काय अक्कल न्हाई?"

त्यानंतर मी दोनदा गेले, एकदा लस द्यायला, एकदा नुसतीच. दुसऱ्या वेळी म्हातारीनं बांधावरूनच सांगितलं, "सारखं येत जाऊ नगं. तू गेल्यावर ती वाटंकडं बघत बसती, भाकर खात न्हाई." मी गाडी वळवली. तेव्हापासून गेले नाही. लसीचं आता धाराशिवची ती बाईच बघते.

पोलिसात मी गेले नाही. काकांनी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही. मध्यंतरी गल्लीत नळाची वाट बघत आम्ही दोघं समोरासमोर तासभर उभे होतो. त्यांनी आभाळाकडं बघितलं, मी घागरीत. काकू आता दुपारी ओट्यावर मेथी निवडत बसतात. परवा मी शाळेतून येताना त्यांनी मला हाक मारली, "मॅडम, भाजी नेता का जरा?" त्यांना यातलं काय माहीत आहे आणि काय नाही, मला ठाऊक नाही. मी नको म्हणाले. पण या वेळी दार लावायच्या आधी मी जरा थांबले, आणि काकूंनी पाय सोडून बसत दुसरी जुडी सोडायला घेतली.