किटलीचा लाल दिवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सभेत नाही, आईला नाही — आणि मी गप्प बसणारी नाही, हे नाशकात कुणालाही विचारा. माझं लहानपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. आधी घड्या घालायच्या, मग वाटायची, मग स्वतःच लिहायची. तरी एवढी एक गोष्ट लिहायला चार वर्षं लागली.

आधी त्या दिव्यांबद्दल बोलू द्या. डॅशबोर्डवर ही चित्रं काढतं तरी कोण? लाटांवर उभी चावी म्हणजे म्हणे इंजिन तापलं. कंसातलं उद्गारचिन्ह म्हणजे ब्रेक. आणि तेलाची बुधली तर चक्क चहाची किटली दिसते. माणसाला कळेल असं लिहायला काय होतं यांना? — पण थांबा. मी परत दुसऱ्यावरच ओरडतेय.

मखमलाबादच्या फुलं पिकवणाऱ्या बायकांच्या गटाने जुना टेम्पो घेतला, तेव्हा तो गटातली शबानाच चालवेल म्हणून मी भांडले. पत्रकही काढलं. बायकांचे नवरे हसले, बघू म्हणाले किती दिवस टिकते. ती टिकली. सहा महिने रोज मार्केट गाठलं तिने.

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मागे झेंडू खच्चून भरलेला, मी तिच्या शेजारी. लाल दिवा लागला.

"ताई, ही किटली लागली. थांबून बघू का?"

मला माहीत नव्हतं. तेवढं म्हणायला काय जात होतं माझं? न लाजता विचारा, असं मीच शिकवायचे ना सगळ्यांना? तिने विचारलं होतं. मी ऐटीत सांगितलं, ती सर्व्हिसिंगची आठवण असते, चल तू.

तीन-चार किलोमीटरवर इंजिन जाम झालं. झेंडू रस्त्यावरच सुकला.

इथवर अज्ञान म्हणा हवं तर. पण मला सांगायचंय ते हे नाही.

संध्याकाळी गट बसला. नवरे दारात उभे. मेकॅनिकचा निरोप आला होता — तेल संपलेलं, दिवा लागला असणारच. शबाना म्हणाली, "लागला होता. किटली. मी ताईंना विचारलं होतं."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी — मी म्हणाले, "मला नाही आठवत."

दारातून कुणीतरी म्हणालं, "बाईमाणूस ते, किटली दिसल्यावर चहाच आठवणार." हशा पिकला. मीही हसले. हो, हसले.

शबानाने चावी सतरंजीवर ठेवली.

नंतर मी टेम्पोचा खण उघडला. माहितीपुस्तिका होती. मराठीत. जिथे तिथे मराठीसाठी भांडणाऱ्या मला ती आधी उघडावीशी वाटली नव्हती. लाल बुधलीपुढे लिहिलं होतं, गाडी ताबडतोब थांबवा.

टेम्पोवर आता पगारी ड्रायव्हर आहे, पुरुष. शबाना शेडमध्ये हार ओवते. भेटली की ताई म्हणते, विचारत मात्र काही नाही. मी त्यानंतरही बायकांच्या हिमतीवर दोन पत्रकं लिहिली.

त्या बैठकीत मला सगळं आठवत होतं.