खाली कोण वाकणार

करंजाहून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसल्यापासून माझ्या मनात धास्ती होती. समुद्र बिचारा शांत होता. धास्ती होती ती किहीमच्या गाडीची. आत दोन पलंग, गॅसची शेगडी आणि भांडी घासायला एवढीशी मोरी असलेली, पर्यटकांना भाड्यानं देऊन देऊन जुनी झालेली गाडी. आमच्या ह्यांना ती विकत घ्यायची होती.

हे उरणला तीस वर्षं कंटेनरचे ट्रेलर चालवून नुकतेच घरी बसले होते. "तीस वर्सं दारात उभी राहून वाट बघितलीस, आता माझ्या बाजूच्या सीटवर बस," असं ते म्हणाले तेव्हा मी हसले खरी, पण मनातून धसकले. निवृत्तीचं सगळं त्या गाडीत जाणार. शिवाय ह्यांना रक्तदाब. घाटात डोळ्यांपुढे अंधारी आली तर? मला सायकलचा ब्रेकसुद्धा धड दाबता येत नाही. आणि नाही म्हणावं, तर ह्यांचं उतरलेलं तोंड दिवसभर माझ्याच समोर, वर चहा मागत.

गाडी किहीमला एका नारळाच्या वाडीत उभी होती. मालक तिशीतला, बोलायला मध. "काकी, आतून बघा ना, एकदम मेंटेन आहे." आत एक कागद चिकटवला होता: ओल्या कपड्यांनी गादीवर बसू नये. खिडकीच्या खाचेत वाळू, उशीखाली कुणाची तरी केसांची पिन. मी नावं ठेवायच्या तयारीनंच चढले होते. पण त्या एवढ्याशा ओट्यावर कपबशा कुठे मांडायच्या, हे मी कधी ठरवून टाकलं ते मलाच कळलं नाही. तेव्हा तर जास्तच भीती वाटली.

हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. इतकं खुशीत मी त्यांना लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिथेच मला खटकलं. कुणाचीही गाडी बघायला गेले, की हे आधी जमिनीवर पोतं टाकून तिच्या खाली शिरतात. आमच्याकडची हवा खारी, लोखंड खालून सडतं. म्हणून मे संपता संपता, पावसाच्या आधी, गाडीच्या पोटाला जुनं काळं ऑइल मारून घ्यायचं, ही आमच्याकडच्या ड्रायव्हरांची रीत. ह्यांनी ती एक वर्ष चुकवली नाही. आज मात्र ते वाकलेच नाहीत. गुडघे दुखत असतील, असं मी स्वतःला समजावलं.

मग पदर खोचला आणि मीच वाकले. खाली सगळं काळंभोर, ओलं ऑइल. फेब्रुवारी महिन्यात, पाऊस एवढा लांब असताना! घराच्या चावीनं जरा खरवडलं तर गंजाचे पापुद्रे सुटले. जोर दिला, तर चावी आरपार गेली.

"काय झालं काकी?"

"काही नाही, पिन पडली," मी म्हणाले आणि उठले. घरी जाऊन कळवतो, असं सांगून आम्ही निघालो.

परतीच्या लाँचमध्ये मी ह्यांना चावीचं काळं टोक दाखवलं. "खालून सगळी सडलीय हो."

ह्यांनी चावीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. "मला म्हायती हाय. वाडीत शिरतानाच ऑइलचा वास आला."

"मग बघितलं का नाही?"

"वाकलो असतो तर तिथंच न्हाय म्हणावं लागलं असतं."

माझा असा संताप झाला! तीस वर्षं लोकांचा माल जिवापाड जपला, आणि बायकोला सडक्या पत्र्यावर बसवून घाटात नेणार होते. मी हे चारचौघांत मोठ्यानं बोलले. मग हे म्हणाले, "तुला एकदा बाजूला बसवायची व्हती." मला रडूच आलं.

करंजाचा धक्का दिसायला लागला तसं ह्यांनी हळूच विचारलं, "चौलला आणखी एक हाय म्हणतात. बघायची?"

धास्ती होती तिथेच होती. मी चावी रुमालाला पुसली.

"बघू," मी म्हणाले. "पण खाली मी वाकणार."