निळं औषध, लाल उजेड आणि माझी दाढ

अंगणात सुपारी वाळत घालत होते, तेवढ्यात सून फोन घेऊन आली. "आई, बोईसरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई गेल्या... झोपेतच." माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं. ही डॉक्टरीण, मेधा, माझ्याहून कितीतरी लहान. वडील सांगलीकडून वीजकेंद्रात नोकरीला आले नि ती इथलीच होऊन गेली.

तिची माझी गाठ पडली ती दुखण्यामुळे. आम्ही केळव्याची वाडीवाली माणसं. सुपारी आतून सुकली का, ते दाताखाली धरून बघायची सवय. त्यात माझी उजवीकडची दाढ बिघडली. आधी दुसऱ्या एका दवाखान्यात रूट कॅनाल करून घेतलं, तरी हिरडीतून पू यायचाच. काढून टाका, म्हणाले सगळे. पण माझ्या कवळीची तार त्याच दाढेला अडकवलेली. ती गेली की कवळी डब्यात आणि मी पेजेवर.

मेधानं एक्सरे बघितला. "मावशी, घरात अडकित्ता नाही का?"

"हाय की. पन त्याला काय कलतंय, सुपारी ओली का सुकी?"

ती इतकी हसली की तोंडावरचा मास्क घसरला.

आधीचं सगळं उकरून तिनं मूळ पुन्हा घासलं, धुतलं. मग आत निळं औषध सोडलं, मला चष्मा चढवला, स्वतः घातला, आणि केसाएवढी बारीक काडी दाढेत सरकवून लाल उजेड लावला. मला वाटलं, आता भाजणार... पण काही जाणवलंच नाही. "मुळाच्या आत फाटे असतात मावशी, तिथं सुई जात नाही. औषध झिरपतं. त्यानं रंगलेले जंतू उजेडानं मरतात." तोंड उघडंच होतं, मी हातानं विचारलं, वाचली का? "ते आज नाही सांगणार. हाड भरायला महिने जातात. आजच हो म्हणाले, तर तुमचं मन राखल्यासारखं होईल." रागच आला मला. इतक्या लांबून येणाऱ्या म्हातारीचं मन राखलं असतं तर काय बिघडलं असतं?

दाढेचा पुन्हा एक्सरे फोटो काढायची वेळ आली ती मेधा गेल्यावर. दवाखान्यात आता तिच्या जोडीची डॉक्टरीण बसते. तिनं जुना नि नवा फोटो शेजारी लावून दाखवला. मुळाशी होता तो काळा डाग भरून आला होता. "दाढ राहिली, आजी. चावा आता खुशाल."

घरी येऊन जेवायला बसले. भाकरीचा तुकडा आपसूक डावीकडे गेला. "मी स्वतः फोटो बघून सांगेपर्यंत उजवीकडे चावायचं नाही," असं मेधानं बजावलं होतं...

"आई, आता कोनाची वाट बगता?" सून म्हणाली.

मी घास डावीकडेच चावत राहिले.