बहिणीसाठी एक मंगलाष्टक

अंजूरच्या धवलारीण मावशींचे उपकार आधी सांगतो, मग बाकीचं. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणणारी बाई. मावशी माझ्या घरमालकीण. त्या नसत्या तर सख्ख्या बहिणीच्या लग्नात माझा एक शब्दही पोचला नसता.

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली आणि पुढं भिवंडीजवळच्या राहनाळला गोडाऊनमध्ये हमालीला आलो. गावात असताना कुणाच्याही लग्नाचं मंगलाष्टक करायला लोक माझ्याकडं यायचे. चाल कानात पक्की होती, शब्द आपसूक बसायचे. भिवंडीत आलो आणि ते थांबलं. खोलीतले दोघं उत्तरेकडचे, स्वभावानं चांगले, पण आमचं बोलणं ‘खाना खाया?’ आणि ‘पानी आया?’ एवढंच. कधी कधी दिवस मावळताना वाटायचं, आज आपण मराठीत तोंड उघडलं की नाही?

अशात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुकादमाकडं सुट्टी मागितली तर म्हणाला, “अभी माल का टाइम है. जाएगा तो वापस मत आना.” घर त्याच पगारावर चालायचं. फोनवर बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, “नाही जमत तर राहू दे दादा. पण मंगलाष्टक तुझंच पाहिजे. दुसऱ्याचं मी म्हणू देणार नाही.”

रोज संध्याकाळी लिहायला बसायचो. चंद्र यायचा, चांदणी यायची, सनई यायची, भरजरी शालू यायचा. वाचून बघितलं की वाटायचं, ही कुणाचीही बहीण असेल, माझी नाही. खोडायचो. दर रविवारी ती विचारायची, “झालं का रे?” आणि मी म्हणायचो, “होतंय.” हातातली एकच कला ओझं वाहता वाहता गळून पडली की काय, ही धास्ती झोपेतही सुटेना.

लग्न आठवड्यावर आलं आणि आमच्या शेजारच्या घरी हळद निघाली. मावशींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मांडवात काय चाललंय ते त्यांची सून शेजारी बसून सांगायची आणि त्यावर मावशी तिथल्या तिथं गाणं जोडायच्या. पण सून बाळंतपणाला माहेरी गेलेली. मावशींनी मला हाक मारली. “चल रं पोरा. आज रविवारची तुला सुट्टी हाय ना? माझ्या बाजूला बस नि डोल्यांनी बघून सांग.”

सगळ्या बायकांत मी एकटा पुरुष, अंग चोरून बसलो.

“नवरा आला काय?”

“आला मावशी. पाटावर बसलाय. चंद्रासारखा दिसतोय.”

“भर दुपारी चंद्र कुटं रं?” मावशी म्हणाल्या आणि बायका फिसकन हसल्या. “अंगावर काय हाय त्याच्या?”

“भोक पडलेली बनियन,” मी सांगितलं. “हळद लागू नये म्हणून मोबाईल वर धरलाय.”

“हां. आता कसं बोललास!”

आणि त्यांनी लगेच उचललं. नवरदेवा, हात वर का रं, नवरीचा फोन यायचा हाय का रं? मागून बायकांनी झेललं. नवरदेव लाजून लालेलाल, त्यानं मोबाईल गुपचूप स्वतःच्या बहिणीच्या हातात दिला.

“आन मांडवाच्या मागं?”

“मागं काही नाही मावशी. गोडाऊनचा पत्रा आहे.”

“काही न्हाय कसा? पत्रा हाय ना?” मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून गायल्या की जिथं आम्ही भात लावला तिथं पत्रा उभा राहिला, पत्र्याच्या सावलीत माझ्या बाळाला हळद लागली. हसणाऱ्या बायकांनी तीच ओळ हळू आवाजात झेलली. नवऱ्याच्या आईनं पदर डोळ्याला लावला. मी बघतच राहिलो. ज्या पत्र्याआड मी रोज घाम गाळत होतो तो लग्नाच्या गाण्यात येऊन बसला होता आणि कुणालाही तो परका वाटला नव्हता.

मी खोलीवर आलो तेव्हा ऊन होतं. स्वतःलाच विचारलं, तुझ्या समोर काय आहे? बहिणीच्या मांडवात मी नाही, हे आहे. इथं खोकी आहेत. पहिली ओळ आली:

खोके मी उचलून ठेवत इथे, तेथे पडो अक्षता.

बाकीच्या ओळी तिच्यामागं धावत आल्या. घागरीसाठीची आमची भांडणं आली, तिनं माझ्या डब्यात लपवलेला गूळ आला.

त्याच संध्याकाळी पीसीओवरून वाचून दाखवलं. बहीण म्हणाली, “मंगलाष्टकात खोके? भटजी पळून जातील दादा!” हसली, आणि हसता हसता रडायला लागली. “हेच म्हणायचं,” म्हणाली. “एक अक्षर बदलू नकोस.” मग तिनं ओळ न् ओळ लिहून घेतली.

मुहूर्ताच्या वेळी मी गाडी खाली करत होतो. माझ्या हातात खरंच खोकं होतं. तिकडं माझे शब्द म्हणत असतील, एवढाच विचार. मुकादम ओरडला, “किधर देखता है?” मी कुठंच बघत नव्हतो. खोकं थप्पीवर ठेवलं आणि दुसरं घ्यायला वळलो.

मावशींना मी नुसतं ‘जमलं’ एवढंच सांगितलं. “मंग काय!” म्हणाल्या आणि तांदूळ निवडत बसल्या. त्यांचं देणं माझ्यावर आहे. माझं लग्न अजून कुठंच नाही. पण कधी ठरलंच, तर मावशींना मी परभणीला नेणार, आमच्या मांडवात पहिल्या पाटावर बसवणार, आईच्या हातून मानाची साडी नेसवणार. आणि आमच्याकडच्या बायकांना धवला कळो न कळो, तो त्यांनीच म्हणायचा.