गेणभाऊंच्या रायफलीची पट्टी

अमृतच्या दुकानात आता बंदुका फारशा येत नसत. शिनोलीला रस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्यांचे गज, ट्रॉलीची फाळकी, मोटारीचे स्टँड असलीच कामं चालायची. बंदूक दुरुस्तीचा परवाना वडिलांच्या मागं त्याच्या नावावर झाला होता, एवढंच. साठी जवळ आली होती. सकाळी शटर वर करतानाच खांदा ठणकायचा आणि दिवस लांबलचक वाटायचा.

भात लोंब्यांवर आलं होतं तेव्हा डोंगराकडच्या वाडीतून गेणभाऊ आले. गोणपाटात गुंडाळलेली ठासणीची रायफल त्यांनी टेबलावर ठेवली. नळीखालची लोखंडी पट्टी एका टोकाला सुटून लोंबत होती. दारू ठासायचा गज ज्या कड्यांमधून जातो, त्या कड्या याच पट्टीला. पट्टी सुटली की गजाला जागाच उरत नाही.

"डुकरांनी वैताग आणलाय राव," गेणभाऊ म्हणाले. "नातू भरत सुट्टीला येतोय. म्हणतो, यंदा बार काढतोच. तेवढी पट्टी बसव."

अमृतनं आधी गज आत सोडून नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग पट्टीला धरून राहिलेला कथिलाचा डाख तापवून पट्टी पूर्ण काढली. खाली गंजाचा जाड थर होता. कुणीतरी पूर्वी पट्टी बसवल्यावर डाखाचं तेजाब धुतलं नसावं. आतल्या आत लोखंड खाल्लं गेलं होतं. त्यानं गंज खरवडला, नळीचं मागचं भोक बुचानं बंद केलं आणि धुवायला आत कढत पाणी ओतलं.

नळीच्या मधोमध, पट्टीच्या जागी, पाण्याचा एक थेंब फुटला. त्यानं पुसला. पुन्हा आला.

अमृत स्टुलावर बसला. इतका कंटाळा त्याला कधी आला नव्हता. पट्टी बसवली की भोक झाकलं जाणार होतं. गेणभाऊ खूश होऊन एसटीनं परत गेले असते. सांगायचं म्हणजे वाद, आणि वादाचं त्राण त्याच्यात नव्हतं.

"गेणभाऊ, हिकडं या," तो म्हणाला. "हे बघा."

म्हाताऱ्यानं थेंबाला बोट लावलं. "मग काय? वरनं पट्टी येतीय की."

"पट्टी गज धरायला असती. बार न्हाई धरत ती. नळी फुटली तर डावा हात जाईल."

"आमच्या आबांनी हिच्यावर वाघरू हाकललंय!"

"तवा नळी शाबूत व्हती."

गेणभाऊ तावातावानं बोलत राहिले. तुला जमत नसंल तर तसं सांग, दुसरीकडं नेतो, इथपर्यंत आले. चहा घेऊन आलेली अमृतची बायको इंद्रायणी दारातच थांबली होती. तिनं कप गेणभाऊंच्या हातात दिला आणि साधंच विचारलं, "बार काढणार कोण भाऊ? तुमी का भरत?"

चहा निवला तरी गेणभाऊंनी तोंडाला लावला नाही.

"घरात आबांची आठवण म्हणून ऱ्हाऊ दे," शेवटी ते म्हणाले. "पण अशी मोडकी नको. पट्टी बसव. आन् पोरानं उडवलीच न्हाई पायजे, असं काय ते कर."

"परवान्याच्या कचेरीत बंदूक निकामी झाली म्हणून कळवावं लागंल. मी येतो संगं."

बार पेटवणारी टोपी बसवायची जागा काढून अमृतनं आधी तिथलं, दारूपर्यंत ठिणगी जायचं भोक वेल्डिंगनं बुजवलं; आता बार पेटणारच नव्हता. हे पट्टी बसवल्यावर केलं असतं तर त्या तापानं कथील वितळलं असतं. मग नळी आणि पट्टी दोन्ही पांढरी होईतो घासली, दोन्हीला कथिलाचा पातळ हात दिला, एकावर एक ठेवून तारेनं आवळली. मंद आच मधून टोकाकडं नेत गेला. टोकाशी तार सैल पडली आणि पट्टी केसभर सरकली. सगळं सोडून पुन्हा घासायला घेतलं. गेणभाऊ उठले आणि फडक्यानं दुसरं टोक धरून बसले. दोन थकलेली माणसं एका नळीवर वाकली होती. या खेपेला कथील पट्टीच्या कडेनं सरळ रेघेत बाहेर आलं. अमृतनं ते पुसलं, सोड्याच्या पाण्यानं धुतलं, कोरडं करून तेल लावलं.

पुढच्या आठवड्यात गेणभाऊंचा फोन आला. डुकरांनी खालचं खाचर लोळवलं होतं. भरत आणि ते डबे बडवत बसले होते, उपयोग झाला नव्हता.

"भरत लई चिडलाय माझ्यावर," ते म्हणाले. "जेवला न्हाई दुपारी."

"हात हायेत ना दोनी त्याला," अमृत म्हणाला.

गेणभाऊ म्हणाले, "हायेत बाबा," आणि फोन ठेवला.

अमृतनं खांदा चोळला आणि अर्धवट राहिलेलं ट्रॉलीचं फाळकं पुढं ओढलं.