बावीस सेंटिमीटरवरची फट

"हा बावीस खोडा आणि तीस करा," केंद्रप्रमुख म्हणाले. "नियमाप्रमाणं तीसच यायला पाहिजे."

प्रयोगवही सारिकाची होती. सारिका आठवीतली. येरमाळ्याच्या अलीकडं एक वस्ती आहे, तिथून चालत येते. बोलायला कमी. तिनं हातातला पेन घट्ट धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी तिची विज्ञानाची बाई. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली, साहेब लोकांची बोलणी पुष्कळ खाल्ली. पण मोजलेलं खोडायला लेकराला माझ्यासमोर कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारे अधिकारी. त्या दिवशी ते तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी निवड करायला आले होते. आमच्या शाळेतून एकच विद्यार्थी जाणार होता. प्रयोगाची सगळी जुळवाजुळव सारिकानं केली होती. फळी तिच्या गोठ्यातली, गाडी तिच्या धाकट्या भावाच्या खेळण्यातली. प्रदर्शनाला जायचंय, हे तिनं मला एकदाच सांगितलं होतं, तेही खाली बघत.

प्रयोग अगदी साधा. फळीचं एक टोक विटांवर ठेवायचं, म्हणजे उतार होतो. फळीवर सारख्या अंतरावर तीन खुणा. खाली फरशीवर वाळू भरलेली काडेपेटी. पहिल्या खुणेवरून गाडी सोडली की ती येऊन काडेपेटीला धडकते आणि तिला पुढं ढकलते. किती ढकलली ते पट्टीनं मोजायचं. मग दुसऱ्या खुणेवरून, मग तिसऱ्या. गाडी जितकी उंच, तितकी तिच्यात ऊर्जा साठलेली. हिला पुस्तकात स्थितिज ऊर्जा म्हणतात. गाडी सुटली की तीच ऊर्जा धावायला लागते, ती गतिज ऊर्जा. दुप्पट उंचीवरून सोडली तर काडेपेटी साधारण दुप्पट सरकते. मुलांना हे वाचून कळत नाही. काडेपेटी सरकली की लगेच कळतं.

सारिकाच्या वहीत होतं: दहा, एकोणीस, बावीस. शेवटच्या आकड्यापुढं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पेटी फरशीच्या फटीत अडकली.'

आमच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आहे. दोन फरश्यांच्या जोडातलं सिमेंट कधीचं निघून गेलंय. काडेपेटी तिथं जाऊन थटली होती. पोरीनं ते बघितलं आणि लिहिलं. यापेक्षा चांगलं निरीक्षण बीएस्सीच्या मुलांच्या वहीतही सापडायचं नाही.

"साहेब, खोडायचं कशाला? खरं आहे ते," मी म्हटलं.

"मॅडम, बाकीच्या वह्या बघा की. सगळ्यांचं दहा, वीस, तीस. एकटी हीच चुकली. हा समाधान बघा, काय सुंदर वही आहे! ह्यालाच पाठवू."

समाधानची वही खरंच सुंदर होती. लाल पेनानं चौकट, हिरव्या पेनानं शीर्षक. आणि ती बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की काहीतरी गडबड आहे. फळी एकच. गाडी एकच. फट तीच. मग बाकीच्यांची काडेपेटी फट ओलांडून तीसवर गेली कशी? आदल्या दिवशी मुलं व्हरांड्यात आळीपाळीनं प्रयोग करत होती तेव्हा मी आत सातवीला शिकवत होते. दोन वर्गांना मिळून मी एकटीच.

"साहेब, तुम्हीच गाडी सोडून बघा," मी म्हटलं. आवाज चढला होता, ते मला कळत होतं.

मुख्याध्यापक मागून हळूच म्हणाले, "मॅडम, जरा दमानं."

पण केंद्रप्रमुखांचं एक मानलं पाहिजे. ते पँट सावरत खाली बसले आणि तिसऱ्या खुणेवरून गाडी सोडली. काडेपेटी फटीत जाऊन थांबली. पट्टी लावली, बावीस. पुन्हा सोडली. बावीस. मग सारिकानं कुणी न सांगता फळी उचलून शेजारच्या सलग फरशीवर मांडली. आता अठ्ठावीस आलं. तिनं बावीसच्या शेजारी तेही लिहिलं.

"बघा," केंद्रप्रमुख उठत म्हणाले, "आलं ना जवळपास? आता तीस लिहून टाका."

"अठ्ठावीस आलंय, साहेब! तुमच्याच हातानं!"

"अहो मॅडम, वर सादरीकरण बघतात. दोन सेंटिमीटरसाठी काय एवढं?"

त्यांना तोंडावर बोलले असते तर नोकरीवर आलं असतं. मी समाधानकडं वळले आणि सगळा राग त्याच्यावर काढला.

"तीस कुठून आणलंस रे? गाडी तरी सोडली होतीस का?"

"सोडली व्हती की, बाई."

"मग किती आलं?"

"बगितलंच न्हाय. आकडे आदीच लिवले व्हते."

"कुणी सांगितलं तुला आधी लिहायला?"

तो गोंधळला. उद्धटपणा नव्हता, खरंच गोंधळला. "बाई, मागल्या साली तपासनीच्या टायमाला तुमीच फळ्यावर लिवून दिल्तं की. म्हनलं, असंच आसतंय."

केंद्रप्रमुख मोबाइल काढून उगाच त्यात बघायला लागले.

समाधान खरं बोलत होता. आदल्या वर्षी तपासणी येणार हे आम्हाला एक दिवस आधी कळलं. प्रयोग झाले नव्हते. निरीक्षणाचा रकाना म्हणजे प्रयोग करताना जे दिसलं ते लिहायची जागा. मी तो रकाना फळ्यावर आखला, आकडे भरले आणि म्हटलं, 'उतरवून घ्या, अक्षर नीट काढा.' तपासणीत 'प्रयोगवह्या उत्तम' असा शेरा मिळाला आणि मी ते सगळं विसरूनही गेले. मुलं विसरली नाहीत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि इतका वेळ मी साहेबांवर दात खात होते.

त्या दिवशीचा राग कुणावर किती होता, याची वाटणी मला आजही करता येत नाही. पण मोठा वाटा माझ्याच पदरात पडतो.

प्रदर्शनाच्या अर्जावर मार्गदर्शक शिक्षकाची सही लागते. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी समाधानच्या नावाचा अर्ज माझ्यापुढं ठेवला.

"मी सही करणार नाही, सर."

"मॅडम, साहेबांनी नाव सांगितलंय. उगं वाद कशाला? शाळेतून कुणीच गेलं नाही तर आपल्यालाच विचारतील."

"मग सारिकाचं नाव घाला. केलेल्या प्रयोगावर सही करते. उतरवलेल्यावर नाही. तेवढं पाप एकदा करून झालंय."

शेवटी मुख्याध्यापकांनी दुसरा अर्ज काढला. केंद्रप्रमुखांना फोनवर काय सांगितलं, ते मी विचारलं नाही.

सारिका तालुक्याला जाऊन आली. नंबर आला नाही. परीक्षकांनी वही चाळली, म्हणाले, एकाच प्रयोगाची दोन उत्तरं कशी, चुकीचं आधीच खोडून यायचं असतं. हे ऐकून मी पुन्हा भडकले. म्हटलं, "मग तू काय म्हणालीस?"

"म्या म्हनलं, सर, तुमच्या टेबलालाबी जोड हाय. गाडी सोडून बगा."

"मग?"

"न्हाय सोडली त्यांनी." एवढं सांगून ती खुदकन हसली. मला काही हसू आलं नाही.

आता आमच्याकडं प्रयोगाच्या दिवशी आधी मी वह्या बघते. निरीक्षणाचा रकाना कोरा असेल तरच गाडी हातात मिळते. समाधानला पहिल्यांदा विसाच्या जागी सतरा आलं, तेव्हा त्यानं तीनदा विचारलं, "बाई, सतराच लिवू?" पोरांना शिकवलेलं समजायला महिने लागतात. लबाडी मात्र एका तासात शिकवून होते, हे मी स्वतःवरून सांगते.

सारिकाच्या वहीतला बावीस तसाच आहे. त्याच्याखाली मी सही केली आहे. आदल्या वर्षीच्या चाळीस वह्यांतही माझ्याच सह्या आहेत.